पैसे भरण्याआधी फ्रिज उघडायला सांगा : नाशिकमध्ये वजन कमी करण्याचं क्लिनिक कसं पारखावं

गेल्या मार्गशीर्षातल्या दुसऱ्या गुरुवारी माझी धाकटी जाऊ महालक्ष्मीचा कलश मांडता मांडता मटकन खाली बसली. हात थरथरत होते, दरदरून घाम फुटला होता, जीभ जड झाली होती. घरात ग्लुकोमीटर होतं म्हणून निभावलं. साखर ५४. तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजली आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा बोट टोचलं तेव्हा ७८ झाली. मग उपास बाजूला ठेवून दूध-पोळी खायला लावली.

नऊच दिवसांपूर्वी तिनं शहरातल्या एका वजन कमी करण्याच्या क्लिनिकमध्ये ३८ हजार रुपये भरले होते. तीन महिन्यांत बारा किलो, असा वायदा होता. हातात छापील आहारपत्रक आणि झिप पाऊचमधल्या बिनलेबलच्या कॅप्सूल दिल्या होत्या. ती मधुमेहासाठी ग्लिमेपिराइड घेते हे तिथं कुणी विचारलं नव्हतं. ही गोळी जेवणाची वाट बघत नाही. जेवण निम्म्यावर आलं तरी ती आपलं काम करत राहते आणि साखर खाली ओढते. त्यात गुरुवारचा उपास.

मी नाशिकमध्येच परिचारिका आहे आणि गेली काही वर्षं रुग्णालयाच्या गुणवत्ता विभागात काम करते. वॉर्डातली इमर्जन्सी ट्रॉली तपासणं, औषधांच्या फ्रिजचं तापमान बघणं, संमतीपत्रात काय लिहिलंय ते वाचणं हा माझा रोजचा उद्योग. तरी घरातलीच व्यक्ती अशी फसली, याचं दुःख अजून जात नाही. म्हणून हा लेख. कॉलेज रोड, गंगापूर रोडपासून इंदिरानगर, नाशिकरोडपर्यंत अशी क्लिनिकं आहेत. त्यातली काही खरोखर चांगली आहेत. चांगलं कुठलं आणि नुसतं चकचकीत कुठलं, हे पैसे भरण्याआधी ओळखता येतं. माझी स्वतःची कसोटी एकच : हे क्लिनिक कुणाला ‘तुम्हाला हे देता येणार नाही’ असं सांगतं का? जिथं येणाऱ्या प्रत्येकाला पॅकेज मिळतं, तिथं तपासणी होत नाही, विक्री होते.

पायरी १ : घरीच स्वतःची फाइल करा

क्लिनिकमध्ये जाण्याआधी एका कागदावर चालू असलेली सगळी औषधं डोससकट लिहा. थायरॉइडची गोळी, बीपीची, साखरेची, गर्भनिरोधक, सांधेदुखीसाठी कुणी दिलेलं काही, आयुर्वेदिक काढेसुद्धा. आधीची ऑपरेशनं, पित्ताशयाचे खडे, स्वादुपिंडाची सूज, घरात कुणाला थायरॉइडचा कर्करोग होता का, हेही लिहा. शेवटचा मुद्दा अनेकांना उगाच वाटतो. तो का महत्त्वाचा ते इंजेक्शनच्या भागात येईल.

मग स्वतःची मापं घ्या. वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गानं भागलं की बीएमआय येतो. उंची १५८ सेंटिमीटर आणि वजन ७२ किलो असेल तर बीएमआय साधारण २८.८. भारतीयांसाठी २३ च्या वर जास्त वजन आणि २५ च्या वर लठ्ठपणा धरतात, कारण आपल्याकडे कमी वजनातही पोटाभोवती चरबी साठते आणि मधुमेह लवकर गाठतो. म्हणून कंबरही मोजा : सर्वांत खालची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून. पुरुषांत ९० आणि बायकांत ८० सेंटिमीटरच्या वर गेली तर लक्ष द्यायला हवं. बीएमआय २१ असलेल्या मुलीला लग्नाआधी पाच किलो उतरवण्याचं पॅकेज विकणारं क्लिनिक या पहिल्याच पायरीवर बाद करा.

पायरी २ : जाहिरात वाचा, पण कायद्याच्या चष्म्यातून

१९५४ च्या औषधे व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याच्या परिशिष्टात काही आजारांची यादी आहे. औषधानं ते आजार बरे होतात अशी जाहिरात करायला मनाई आहे, आणि त्या यादीत लठ्ठपणाही आहे. म्हणजे ‘आमच्या औषधानं लठ्ठपणा मुळापासून बरा’ असा फलक किंवा रील हाच मुळात आक्षेपार्ह प्रकार. आपल्याकडे हे इतकं सर्रास चालतं की त्यात काही गैर आहे असं वाटेनासं झालंय.

फोन करून तीन प्रश्न विचारा. तपासणारे डॉक्टर कोण आणि त्यांचा नोंदणी क्रमांक काय? पहिल्या भेटीत डॉक्टर स्वतः भेटतील का? पैसे परत मिळण्याचा नियम लेखी मिळेल का? ‘मॅडम, तुम्ही आधी सेंटरला या, आज ऑफरचा शेवटचा दिवस आहे,’ असं उत्तर आलं तर फोन ठेवा. औषधोपचारात ऑफरचा शेवटचा दिवस नसतो.

आठवड्याला अर्धा ते एक किलो हा बहुतेकांसाठी सुरक्षित वेग. पहिल्या आठवड्यात जास्त उतरतं ते मुख्यतः पाणी असतं. वेगानं वजन उतरलं की पित्ताशयात खडे होण्याची शक्यता वाढते आणि चरबीबरोबर स्नायूही झडतात.

पायरी ३ : भिंतीवरचे कागद

डॉक्टरांनी आपला नोंदणी क्रमांक दवाखान्यात लावणं आणि प्रिस्क्रिप्शन, पावती यांवर लिहिणं त्यांच्या व्यावसायिक आचारसंहितेत बंधनकारक आहे. ॲलोपॅथीच्या डॉक्टरांची नोंद महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे असते, आयुर्वेद आणि युनानीची महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनकडे, होमिओपॅथीची महाराष्ट्र कौन्सिल ऑफ होमिओपॅथीकडे. कौन्सिलच्या संकेतस्थळावर नाव शोधता येतं. नावापुढे ‘डॉ.’ आहे एवढ्यावर थांबू नका. कोणत्या शाखेचे, पदवी कुठली, नोंदणी चालू आहे का, हे बघा. ‘स्लिमिंग एक्स्पर्ट’, ‘वेलनेस कन्सल्टंट’ या पदव्या नव्हेत.

आहारतज्ज्ञ असतील तर पोषण व आहारशास्त्रातलं शिक्षण विचारा. इंडियन डायटेटिक असोसिएशनची परीक्षा पास झालेले ‘रजिस्टर्ड डायटिशियन’ असतात. सहा दिवसांच्या ऑनलाइन कोर्सचं प्रमाणपत्र छान फ्रेममध्ये लटकलेलं मी पाहिलंय, म्हणून सांगते.

नोंदणीची एक फट माहीत हवी. जिथं खाटा आहेत, रुग्णाला दाखल करून घेतात किंवा ऑपरेशन होतं, त्या जागेला महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी कायदा १९४९ लागू होतो. नाशिक शहरात ही नोंदणी महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे असते, आणि नोंदणीचं प्रमाणपत्र, ज्याला सगळे ‘फॉर्म सी’ म्हणतात, ते दर्शनी भागात दिसायला हवं. मुदत संपलेली नाही ना, तेही वाचा. २०२१ च्या सुधारित नियमांनुसार अशा रुग्णालयांनी रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक लावायला हवं. नुसत्या ओपीडीच्या क्लिनिकला मात्र हा कायदा लागत नाही आणि केंद्राचा २०१० चा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा महाराष्ट्रानं स्वीकारलेला नाही. त्यामुळे सल्ला, इंजेक्शन आणि मशीन देणाऱ्या क्लिनिकवर रुग्णालयाएवढी देखरेख नसते. म्हणूनच तुमची नजर तिथं जास्त लागते.

‘आयएसओ सर्टिफाइड’ या पाटीनं भुलू नका. आयएसओ ९००१ हे कामकाजाच्या व्यवस्थेचं प्रमाणपत्र आहे, उपचार सुरक्षित असल्याचं नव्हे. आरोग्यसेवेची गुणवत्ता तपासणारी संस्था म्हणजे एनएबीएच. तिचं मानांकन क्लिनिकनाही मिळतं, पण ते ऐच्छिक आहे. रक्त बाहेर पाठवत असतील तर प्रयोगशाळेला एनएबीएलची, म्हणजे प्रयोगशाळा तपासणाऱ्या संस्थेची, मान्यता आहे का, ते विचारा.

पायरी ४ : पहिली भेट, हीच खरी परीक्षा

इथं घाई करू नका. पहिल्या भेटीत तुमच्याशी कोण किती वेळ बोललं यावरून क्लिनिकचं निम्मं स्वरूप कळतं.

डॉक्टरांनी वजन का वाढलं हे शोधायला हवं. थायरॉइड मंद आहे का, पाळी अनियमित आहे का, स्टिरॉइड किंवा मानसिक आजारावरची काही औषधं चालू आहेत का, झोपेत घोरणं आणि श्वास अडकणं आहे का, मन उदास असतं का. रक्तात साधारणपणे टीएसएच (थायरॉइडसाठी), एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर), लिपिड प्रोफाइल (कोलेस्टेरॉल वगैरे), यकृत आणि मूत्रपिंडाच्या चाचण्या बघतात. वय आणि त्रासानुसार ईसीजी. मूल होण्याच्या वयातल्या बाईला गरोदरपणाबद्दल विचारायलाच हवं.

बीपी कसं मोजतात ते बघा. साधी गोष्ट आहे, पण मी क्लिनिकची पारख इथंच करते. दंडाला बांधायचा नेहमीचा पट्टा, म्हणजे कफ, साधारण २७ ते ३४ सेंटिमीटर घेराच्या दंडासाठी असतो. लठ्ठ माणसाचा दंड ३८-४० असतो. त्याला छोटा कफ ओढूनताणून बांधला तर बीपी खोटंच जास्त दिसतं आणि नको असलेली गोळी सुरू होते. रोज लठ्ठ रुग्ण तपासणाऱ्या ठिकाणी मोठा कफ नसेल, तर तिथं रुग्ण खरोखर तपासले जातात का याचीच मला शंका येते. तसंच वजनकाटा जास्त वजन पेलणारा हवा आणि खुर्ची बिनहातांची, मजबूत हवी.

वजन रिसेप्शनच्या गर्दीत मोजून आकडा मोठ्यानं पुकारतात का? मग इतर गोष्टीही तिथं चव्हाट्यावरच राहतील. मोजमाप आडोशाला व्हावं आणि बाईला तपासणारे डॉक्टर पुरुष असतील तर सोबत स्त्री परिचारिका असावी. ‘आधीचे-नंतरचे’ फोटो काढायचे असतील तर वेगळी लेखी परवानगी लागते. उपचाराच्या अर्जात बारीक अक्षरात घुसवलेली ओळ म्हणजे परवानगी नव्हे. ती ओळ खोडून सही करा.

शरीरातली चरबी दाखवणारं मशीन, ज्यावर अनवाणी उभं करतात, ते अंगातून सूक्ष्म वीज सोडून अंदाज बांधतं. पेसमेकर असलेल्यानं त्यावर चढायचं नाही. पाणी कमी प्यायलं, व्यायाम करून आलं, पाळी जवळ असली, तरी आकडे बदलतात. दर वेळी सकाळी, रिकाम्या पोटी, एकाच मशीनवर मोजलं तरच तुलना करता येते. संध्याकाळी मोजून ‘तुमची चरबी वाढलीय, पुढचं पॅकेज घ्या’ म्हणणारे भेटले तर हे लक्षात ठेवा.

आता जाऊबाईचं जिथं बिनसलं, तो मुद्दा. खाणं कमी होणार असेल तर आधीच्या औषधांचे डोस बदलावे लागतात. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या आणि इन्सुलिन कमी करावं लागतं, नाहीतर साखर पडते. वजन उतरू लागलं की बीपीची गोळी जास्त होते आणि उठताना अंधारी येते. डॅपाग्लिफ्लोझिनसारखी, लघवीवाटे साखर काढणारी गोळी चालू असताना भात-भाकरी एकदम बंद केली, तर साखरेचा आकडा ठीक दिसत असतानाही रक्तात आम्ल साठून जिवावर बेतू शकतं. क्लिनिकनं तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांशी बोलायला हवं किंवा निदान चिठ्ठी द्यायला हवी. दिवसाला ८०० उष्मांकांच्या खालचा आहार तर डॉक्टरांच्या सतत देखरेखीशिवाय कुणी देऊ नये आणि कुणी घेऊ नये.

आहारपत्रक हातात आलं की त्यात तुमचं घर दिसतं का बघा. सातपूर-अंबडच्या कंपनीत रात्रपाळी करणाऱ्याला सकाळी सात वाजता ओट्स आणि ॲव्होकाडो लिहून देणारा कागद कुणासाठीच लिहिलेला नसतो. चांगला आहारतज्ज्ञ कॅन्टीनला काय मिळतं ते विचारतो. उपास किती करता, चातुर्मासात काय सोडता, रविवारची मिसळ कितीदा होते, घरात स्वयंपाक कोण करतं, हेही विचारतो. मग भाकरी, मटकीची उसळ, पिठलं, ताक, अंडी यांतूनच प्रथिनं आणि प्रमाण बसवून देतो.

पायरी ५ : आठवड्याचं इंजेक्शन

भूक कमी करून वजन उतरवणारं, आठवड्यातून एकदा टोचायचं इंजेक्शन. सध्या सगळ्यात जास्त विचारणा याचीच होते. टर्झेपेटाइड ‘माउंजारो’ या नावानं मार्च २०२५ मध्ये भारतात आलं, सेमाग्लुटाइड ‘वेगोवी’ या नावानं जून २०२५ मध्ये. सेमाग्लुटाइडच्या पेटंटची मुदत मार्च २०२६ मध्ये संपल्यावर भारतीय कंपन्यांना वाट मोकळी झाली. औषधं चांगली आहेत. योग्य माणसाला ती खरोखर आयुष्य बदलून देतात, हे मी पाहिलंय. पण ती प्रिस्क्रिप्शनचीच औषधं आहेत. साधारणपणे बीएमआय ३० किंवा जास्त, अथवा २७ च्या वर असून सोबत मधुमेह-बीपीसारखा आजार, अशांसाठी ती आहेत. लग्नाच्या साडीत बारीक दिसण्यासाठी नाहीत.

डॉक्टरांनी विचारायलाच हवेत असे प्रश्न : तुम्हाला किंवा घरात कुणाला थायरॉइडचा मेड्युलरी प्रकारचा कर्करोग झाला होता का (असेल तर हे औषध चालत नाही), स्वादुपिंडाला कधी सूज आली होती का, पित्ताचे खडे आहेत का, मूल हवंय का. सेमाग्लुटाइड गर्भधारणेच्या निदान दोन महिने आधी बंद करावं लागतं. टर्झेपेटाइड सुरू केल्यावर आणि डोस वाढवल्यावर चार-चार आठवडे गर्भनिरोधक गोळीवर विसंबता येत नाही, दुसरं साधन लागतं. हे सांगितलंच जात नाही आणि मग घरात गोंधळ उडतो.

डोस पायरीपायरीनं वाढतो. सेमाग्लुटाइड आठवड्याला ०.२५ मिलिग्रॅमपासून आणि टर्झेपेटाइड २.५ मिलिग्रॅमपासून सुरू करतात, आणि पहिले चार आठवडे तोच डोस ठेवतात. ‘लवकर परिणाम हवा’ म्हणून थेट वरचा डोस दिला तर उलट्यांनी माणूस आडवा होतो.

आता शीर्षकातला फ्रिज. ही इंजेक्शनं पेनच्या आकारात येतात. ही पेनं वापरापूर्वी २ ते ८ अंश सेल्सियसमध्ये ठेवायची असतात, आणि एकदा गोठली तर टाकून द्यायची. क्लिनिकमध्ये इंजेक्शन देणार असतील तर नम्रपणे म्हणा, ‘सिस्टर, फ्रिज बघू का जरा?’ आत थर्मामीटर हवा. दारावर दिवसातून दोनदा तापमान लिहिलेला तक्ता हवा. आतमध्ये डबा, दुधाची पिशवी, कोल्ड्रिंक नको. पेन बर्फाच्या कप्प्याला टेकलेलं नको. वीज गेली की काय करता, हेही विचारा. एप्रिल-मेमध्ये नाशिकचा पारा चाळिशीला टेकतो. वापरात असलेलं पेन ठरावीक दिवस बाहेर ठेवता येतं खरं, पण ३० अंशांच्या आत. तेव्हा बंद गाडीच्या डॅशबोर्डवर पेन ठेवून मुंबई नाक्याच्या सिग्नलला उभं राहिलं, की औषध गेलंच म्हणा.

एका पेनमधून अनेकांना डोस देणं, सुई बदलूनसुद्धा, अत्यंत धोक्याचं आहे. पेनच्या नळीत रक्ताचा अंश मागे जाऊ शकतो आणि कावीळ बी, सी किंवा एचआयव्हीचा संसर्ग पोहोचू शकतो. ‘पूर्ण पेन महाग पडतं, आम्ही एकेक डोस देतो’ असं कुणी म्हणालं आणि ते बहुडोसाचं पेन असेल, तर उठून निघा. पेन तुमच्यासमोर सीलबंद डब्यातून निघावं, औषधाचं नाव, बॅच क्रमांक आणि मुदत तुमच्या फाइलमध्ये लिहिली जावी, आणि पक्कं बिल मिळावं. क्लिनिकनं आधीच भरून ठेवलेली सिरिंज कधीही टोचून घेऊ नका.

औषध बंद केल्यावर काय, हे पहिल्याच दिवशी विचारा. सेमाग्लुटाइडच्या एका मोठ्या अभ्यासात औषध थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी सरासरी दोन तृतीयांश वजन परत आलं. म्हणजे तीन महिन्यांचं ‘पॅकेज’ ही कल्पनाच या औषधाशी जुळत नाही.

पायरी ६ : पुड्या, पावडरी, कॅप्सूल

लेबल नसलेलं काहीही पोटात घालू नका. सिब्युट्रामाइन नावाचं भूक मारणारं औषध हृदयाच्या धोक्यामुळे भारतात २०११ मध्ये बंद झालं. तरी ‘हर्बल’ म्हणून विकल्या जाणाऱ्या गोळ्यांत ते मिसळलेलं जगभर वारंवार सापडलंय. थायरॉइडचं औषध किंवा लघवी वाढवणारी गोळी मिसळण्याचेही प्रकार आढळतात. औषध घेतल्यावर छातीत धडधड, झोप उडणं, तोंड कोरडं पडणं, हात कापणं सुरू झालं तर ‘चरबी वितळतेय’ हे स्पष्टीकरण ऐकून घेऊ नका.

आयुर्वेदिक औषधावरही उत्पादकाचं नाव, परवाना क्रमांक, घटक, बॅच, मुदत असते. प्रोटीन पावडर आणि शेकच्या डब्यावर एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, १४ अंकी क्रमांक असतो. तो आहे म्हणून ते औषध ठरत नाही.

पायरी ७ : मशीन आणि शस्त्रक्रिया

चरबी गोठवणारं मशीन, कंप देणारे पट्टे, गरम पट्टे यांनी वजन उतरत नाही. चरबी गोठवण्यानं एखाद्या जागेचा फुगवटा थोडा कमी होऊ शकतो, एवढंच. क्वचित उलटं होऊन तिथली चरबी वाढते आणि कडक होते, मग ती काढायला ऑपरेशन लागतं. हा धोका संमतीपत्रात लिहिलेला असायला हवा. घाम काढून उतरलेलं वजन दोन ग्लास पाण्यानं परत येतं.

लायपोसक्शन (चरबी शोषून काढणं) आणि बॅरिएट्रिक शस्त्रक्रिया (वजन उतरवण्यासाठी जठर-आतड्यांवर करायचं ऑपरेशन) ही क्लिनिकची कामं नव्हेत. लायपोसक्शन वजन कमी करण्यासाठी नसतंच, ते आकारासाठी असतं, आणि ते प्लास्टिक सर्जननं सुसज्ज शस्त्रक्रियागृहात, भूलतज्ज्ञ हजर असताना करायचं असतं. विचारा : भूल कोण देणार, नोंदणी आहे का, रात्री दोनला श्वास लागला तर अतिदक्षता विभाग याच इमारतीत आहे की कुठं हलवणार? बॅरिएट्रिकनंतर बी१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आयुष्यभर घ्यावं लागतं आणि रक्त तपासत राहावं लागतं. हे आधी सांगणारा सर्जन निवडा.

संमतीबद्दल सर्वोच्च न्यायालयाचा २००८ चा समिरा कोहली खटल्याचा निकाल स्पष्ट आहे : एका गोष्टीला दिलेली संमती दुसऱ्या गोष्टीला चालत नाही, आणि धोके व पर्याय समजावून सांगायला हवेत. मराठीत संमतीपत्र मागा. घरी नेऊन वाचायला मागा. देत नसतील तर त्याचं कारण तुम्हीच ओळखा.

पायरी ८ : सुया, कचरा, तातडीची तयारी

इंजेक्शनच्या खोलीत दोन मिनिटं उभं राहा. सुयांसाठी पांढरा, न टोचणारा डबा हवा, रक्तानं माखलेल्या कापसासाठी पिवळी पिशवी, सिरिंज-नळ्यांसाठी लाल, काचेसाठी निळा डबा. जैववैद्यकीय कचऱ्याचे २०१६ चे नियम छोट्या क्लिनिकलाही लागू आहेत आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी लागते. सुया साध्या डस्टबिनमध्ये दिसल्या तर त्या उद्या घंटागाडीवरच्या माणसाच्या हाताला टोचणार आहेत. हात धुवायला बेसिन आणि साबण आहे का, तेही बघा.

तातडीच्या पेटीत निदान अॅड्रेनालिन, ऑक्सिजन, अंबू बॅग (हातानं दाबून श्वास देण्याची पिशवी), ग्लुकोज आणि ग्लुकोमीटर हवं. ‘तीव्र ॲलर्जी आली तर पहिलं काय देता?’ असं सहज विचारा. प्रौढाला मांडीच्या बाहेरच्या बाजूच्या स्नायूत अर्धा मिलिग्रॅम अॅड्रेनालिन, हे उत्तर इंजेक्शन देणाऱ्या माणसाच्या जिभेवर असायला हवं. ‘तसं कधी होत नाही आमच्याकडे’ हे उत्तर ऐकलं की माझ्या अंगावर काटा येतो.

पायरी ९ : पैसे

एकरकमी भरू नका, महिन्याला द्या. ‘शून्य व्याजाचा ईएमआय’ म्हणतात तेव्हा तुमच्या नावावर फायनान्स कंपनीचं कर्ज निघतं. क्लिनिकला कुलूप लागलं तरी हप्ता चालूच राहतो. सल्ला, चाचण्या, औषध, मशीनच्या बैठका यांचे दर वेगळे लिहून घ्या. वैद्यकीय कारणानं उपचार थांबवावा लागला तर किती पैसे किती दिवसांत परत मिळणार, ते त्याच कागदावर हवं. ‘पैसे परत मिळणार नाहीत’ असं छापलं म्हणून ग्राहकाचा हक्क संपत नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अन्यायकारक कराराविरुद्धही दाद मागता येते.

पायरी १० : उपचार सुरू झाल्यावर, आणि बिघडलं तर

पहिले तीन महिने महिन्यातून एकदा तरी डॉक्टरांची भेट, बीपी, औषधांचा आढावा आणि गरजेप्रमाणे रक्तचाचण्या व्हायला हव्यात. वजनाबरोबर ताकदही बघायला हवी : जिना चढताना दम कमी लागतो की पाय गळतात? स्नायू टिकवायला प्रथिनं आणि वजन उचलण्याचे व्यायाम लागतात. कृषीनगरच्या ट्रॅकवर चालणं छान, पण तेवढं पुरत नाही.

पोटाच्या वरच्या भागात तीव्र, पाठीत जाणारी कळ, थांबत नसलेल्या उलट्या, चक्कर येऊन पडणं, छातीत धडधड, उजव्या बरगडीखाली दुखून ताप, ऑपरेशननंतर पोटरी सुजणं किंवा धाप लागणं, यांपैकी काहीही झालं तर क्लिनिक उघडायची वाट बघू नका. १०८ ला फोन करा किंवा जवळच्या मोठ्या रुग्णालयात जा, आणि औषधांचं पाकीट सोबत न्या.

मग कागद गोळा करा. तुमच्या उपचाराच्या नोंदी लेखी मागितल्यावर ७२ तासांत द्यायच्या असतात, असं डॉक्टरांची आचारसंहिता सांगते. डॉक्टरच्या वर्तनाची तक्रार मेडिकल कौन्सिलकडे, नोंदणीच नसलेल्या ‘डॉक्टर’ची महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे आणि पोलिसांकडे, बनावट किंवा बिनलेबल औषधाची अन्न व औषध प्रशासनाकडे. पैशांसाठी आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, मग नाशिकचा जिल्हा ग्राहक आयोग. तिथं दोन वर्षांच्या आत जावं लागतं, आणि तुम्ही भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर दाव्याचं शुल्क पडत नाही. औषधाचा वाईट परिणाम झाला असेल तर तो १८००-१८०-३०२४ या औषधसुरक्षा हेल्पलाइनवर कुणीही, रुग्णसुद्धा, कळवू शकतो. डॉक्टरची चिठ्ठी लागत नाही.

आणि उरलेलं औषध फेकू नका. पाऊचसकट, पावतीसकट, तारीख लिहून बाजूला ठेवा. त्या गुरुवारी जाऊबाईची साखर का पडली ते कळलं. पण आधीचे चार दिवस तिच्या छातीत धडधडत होतं, ते कशानं, हे आजही माहीत नाही. कॅप्सूलमध्ये काय होतं ते तपासून घ्यावं म्हणून मी दुसऱ्या दिवशी तिच्याकडे गेले, तर तिनं रागाच्या भरात सगळ्या कॅप्सूल सकाळीच घंटागाडीत टाकल्या होत्या.